लाल पेन्सिलीच्या बाहेर

२ डिसेंबर

अहो,

पत्राची सुरुवात कशी करतात ते मला येत नाही आणि वेळही नाही. फ्रेमच्या पट्ट्यांना सरस लावलाय, तो वाळेपर्यंत लिहितेय.

पोचलात का, जेवताय का, ते नंतर. आधी सांगा, तिथे चाललंय काय? जाताना तुम्ही म्हणालात, हवा तापत चाललीय, समुद्र चढत चाललाय, म्हणून सगळे देश एकत्र बसून कोणी किती धूर कमी करायचा ते ठरवणार. बसून. शब्द तुमचा. आणि आज तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर काय, तर 'हवामान परिषदेत रणकंदन'! खाली तुमचा फोटो. म्हणजे तुम्ही काढलेला. एक ताडमाड बाप्या मूठ उगारून उभा, समोर एक बुटका, आ वासलेला, डोळे बाहेर. आईंना दाखवला तर म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या डोक्यावर काही आहे की नाही? टोप वगैरे?"

पेपरवाला उरलेले पेपर माझ्याकडे टाकतो, फ्रेमा गुंडाळायला. त्यामुळे मला सगळेच बघायला मिळतात. एकात म्हटलंय, 'आपल्या शिष्टमंडळाने बड्यांना लोळवले'. दुसऱ्यात, 'आपली सपशेल शरणागती'. तिसरा म्हणतो, 'सामना रंगात, पारडे दोलायमान'. दिवस तोच, खोली तीच, माणसं तीच. आणि तिन्हीत मिळून धुराचा उल्लेख शोधायला गेले तर सातव्या पानावर, चपलांच्या जाहिरातीखाली. कोण जिंकलं आणि कोण आपटलं, एवढंच. तुम्हाला परिषदेला पाठवलंय की आखाड्यात?

पुढे पुढे करू नका. पण मागेही राहू नका, कारण तुमच्या पेपरचे साहेब काय म्हणाले ते लक्षात आहे ना? फोटो पहिल्या पानावर लागत राहिले तर मुख्य फोटोग्राफरची कायमची जागा. नाहीतर आहेच, परत फीत कापणाऱ्यांचे फोटो. बावीस वर्षं तुम्ही कात्र्यांचे फोटो काढलेत. मला आता कात्री बघवत नाही.

सरस वाळला. पुरे.

मीच


४ डिसेंबर

सरकार,

तुझं पत्र ऑफिसच्या पिशवीतून मिळालं. रोज विमानाने माझे रोल तिकडे जातात आणि रिकामी पिशवी इकडे येते. यापुढे ती रिकामी येऊ देऊ नकोस.

आईला सांग, टोप दिलेला नाही. गळ्यात एक बिल्ला दिलाय. त्यावरचा माझा फोटो असा आहे की दारावरचा पहारेकरी रोज एकदा बिल्ल्याकडे, एकदा माझ्याकडे बघतो आणि मला धीर दिल्यासारखा आत सोडतो.

आता ती मूठ. तो ताडमाड गृहस्थ भांडत नव्हता गं. खिडकीचा पडदा अडकला होता, ऊन डोळ्यांवर येत होतं, तो दोरी ओढत होता. आणि बुटका ओरडत होता, "डावीकडे! डावीकडे ओढा!" निदान हातवाऱ्यांवरून तरी तसंच दिसत होतं. दोघांचे देश एकमेकांच्या विरुद्ध बोलतात हे खरं, पण चहाला एकत्र जातात. माझ्या फोटोत पडदा होता, दोरी होती, शेजारी हसणारी माणसं होती. पेपरात मूठ तेवढी आली. साहेबांना हवी तेवढीच त्यांनी घेतली.

इथे रणकंदन नाही, जांभया आहेत. काल दिवसभर एकाच वाक्यावर अडून बसले होते. धूर 'कमी करू' असं लिहायचं, की 'कमी करायचा प्रयत्न करू' असं? मला हसू येत होतं. मग एका छोट्या बेटावरून आलेल्या बाई उठल्या. मी त्यांना बेटवाल्या बाई म्हणतो. पिशवीत कायम संत्री, आणि शेजारी मित्र बसो की शत्रू, सोलून फोड पुढे करणार. त्या म्हणाल्या, "प्रयत्न आम्ही पण करतोय. पोहायचा." सगळी खोली हसली, आणि मग एकेकाने समोरचा कागद पुन्हा वाचायला घेतला. त्या एका वाक्यात त्या बाईंचं अख्खं गाव उभं आहे बघ. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पाण्यात.

मी त्याच क्षणी फोटो काढला. आज साहेबांची तार आली, 'संत्री नकोत. भांडण पाठवा.'

आता भांडण आणू कुठून? घरी असतो तर अडचण नव्हती.

तुझा


६ डिसेंबर

अहो,

शेवटचं वाक्य वाचलं. आल्यावर बघते.

आता बातमी ऐका. बसून ऐका. तुमच्या फोटोंचं प्रदर्शन भरतंय! पेपरला पंचवीस वर्षं झाली म्हणून साहेबांनी वाचनालयाचं दालन घेतलंय. बारा फोटो, मोठे करून. खाली तुमच्या नावाची पाटी. आणि फ्रेमा कोणाच्या दुकानात? आपल्या. तुमचे ते अंधारखोलीत फोटो धुणारे मित्र, घुबडभाऊजी, स्वतः गठ्ठा घेऊन आले. दुकानातल्या उजेडात डोळे मिचकावत उभे होते. म्हणाले, "वहिनी, परवा सकाळी उद्घाटन. वेधशाळेतल्या मोठ्या बाई येणार आहेत पाहुण्या म्हणून. चूक नको."

मी म्हटलं, "भाऊजी, या हातून वाकडी फ्रेम गेल्याचं दाखवा, मी दुकान बंद करते."

लग्न झाल्यापासून तुमचा एक फोटो माझ्या दुकानात आला नव्हता. ऑफिसचे ऑफिसात. पहिल्यांदाच अख्खे बघितले. खरं सांगू? बरे काढता की तुम्ही! कडेला कडेला काय काय आहे. संत्र्याची बाई. कानाला यंत्र लावून पेंगणारा दुभाषा. टेबलाखाली बूट काढून ठेवलेले पाय, आणि एकाचा मोजा फाटलेला. आई तर भिंग घेऊन बसल्यात.

साहेब मात्र शहाणा माणूस निघाला. प्रत्येक फोटोवर लाल पेन्सिलीने चौकोन आखून दिलाय, आणि चिठ्ठीत एकच ओळ, 'लाल खुणेप्रमाणे करावे.' मला काय शिकवायचं? गिऱ्हाईक लग्नाचा फोटो आणतं, मेव्हण्याशी बिनसलेलं असतं, मेव्हण्याभोवती लाल चौकोन. आपल्या दुकानाचा रिवाज, फोटो कापायचा नाही. पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा बेतायचा आणि त्या माणसावर बसवायचा. वर्षा-दोन वर्षांत गोडी होते, तेच गिऱ्हाईक येतं, "वहिनी, मेव्हण्याला बाहेर काढा."

तर साहेबांनाही शेवटी लाज वाटलेली दिसते. बाराही फोटोंत बरोबर त्या भांडखोरांभोवतीच चौकोन आहेत. मुठी, वटारलेले डोळे, एकमेकांवर रोखलेली बोटं. वाचनालयात पोरंबाळं येणार, त्यांच्यापुढे हे कशाला? नऊ झाकून झाले. तीन राहिलेत.

मीच


७ डिसेंबर

सरकार, थांब!

जिथे असशील तिथे हात थांबव. पुठ्ठा खाली ठेव. लाल चौकोन म्हणजे झाकायचं नाही, लाल चौकोन म्हणजे ठेवायचं! पेपरात तेवढंच छापतात. चौकोनाच्या आतलं ठेवायचं आणि बाहेरचं सगळं कापायचं. चूक माझीच, इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही. फीत कापणाऱ्या पुढाऱ्यांभोवती चौकोन काढावा लागत नाही, ते आपणहून मधोमध उभे राहतात.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा प्रदर्शन उघडलेलं असेल. तरी लिहितोय. बुडता माणूस काडी धरतो.


८ डिसेंबर

आपणांस माझा सादर नमस्कार.

आपली प्रकृती ठीक असावी. इकडे सर्व क्षेम आहे. आई मजेत. फोटो सुरेख लागले. उद्घाटन व्यवस्थित पार पडले. आपण काळजी करू नये. थंडी असल्यास गळपट्टा वापरावा.

आपली नम्र


९ डिसेंबर

'आपणांस'? 'नम्र'? गळपट्टा?

अगं, कोण गेलं? तू मला आयुष्यात एकदाच 'आपण' म्हणालीस, तेव्हा माझा कॅमेरा तुझ्या हातून पाण्याच्या पिंपात पडला होता.

साहेबांची तार समोर आहे. 'प्रदर्शन. तुमची पत्नी. ताबडतोब फोन करा.' मी दिवसभर फोनपासून लांबून लांबून चालतोय. जेवणघरात जायचं तर वाटेत फोन, म्हणून दुपारी जेवलोही नाही. बेटवाल्या बाईंनी संत्रं दिलं. पाठीवर थोपटून म्हणाल्या, "घरून आलंय का काही?" मी म्हटलं, "घरून गळपट्टा आलाय." त्यांना कळलं नाही, पण अजून एक संत्रं दिलं.

ही तार आल्यापासून मी जवळ जवळ जाऊनच फोटो काढतोय. नाक, मूठ, दात. एवढे जवळून की कडेला काही उरतच नाही. लाल पेन्सिलीचं कामच नको. कदाचित त्यावर ती जागा मिळेल. नाही मिळाली तर नाही. कात्र्या आहेतच, आपण दोघं त्यावर इतकी वर्षं जेवलो.

मला एवढंच खरं सांग. रागावणार नाही. फोटो कसे दिसत होते?


१० डिसेंबर

अहो,

कसे दिसत होते? सांगते. पाणी पिऊन घ्या, लांबलचक आहे.

तुमचं सात तारखेचं ओरडणं मला आठ तारखेला संध्याकाळी मिळालं. वरातीमागून घोडं. तोवर माझी वरात निघून गेली होती.

आठला सकाळी मी नवी साडी नेसून दालनात. बारा फोटो ओळीत, ओळंब्याने तपासून. साहेब आले, बरोबर वेधशाळेतल्या बाई, मागे घुबडभाऊजी. साहेब पहिल्या फोटोसमोर थांबले. मधोमध पांढरा कोरा चौकोन, भोवताली पडदा, दोरी, हसणारी माणसं.

"वहिनी, हे काय?"

"मेव्हणे झाकले," मी म्हटलं.

"कोणाचे मेव्हणे?"

"ते तुम्हाला ठाऊक. खूण तुम्ही केलीत."

साहेब दुसऱ्या फोटोकडे गेले. मग तिसऱ्याकडे. पाचव्यापर्यंत पळायलाच लागले. प्रत्येकात मध्ये भोक. घुबडभाऊजी भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले.

"लाल म्हणजे तेवढंच ठेवायचं असतं, बाई! बाकीचं काढायचं!"

"मग तसं लिहायचं ना!"

"पेपरात सगळ्यांना कळतं!"

"दुकानात पण सगळ्यांना कळतं! उलटं!"

वेधशाळेच्या बाई तोंडावर रुमाल धरून उभ्या. मला वाटलं शिंक येतेय. साहेबांनी त्यांना चहाला नेलं, दाराला कुलूप ठोकलं आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी येऊन सगळे पुठ्ठे काढा. तुमच्या मिस्टरांचं काय करायचं ते मी बघतो." घरी येऊन ते 'आपणांस' लिहिलं. मला वाटलं, तुमची जागा मी माझ्या हाताने झाकली.

काल सकाळी पुठ्ठे काढायला गेले. आईपण आल्या, ऐकेनात. बघते तर दालनाबाहेर गर्दी! वेधशाळेच्या बाईंनी जाऊन सगळ्या वेधशाळेला सांगितलं होतं, आणि त्या वेधशाळेने गावाला. बातमी पसरवण्यात ती माणसं पेपरच्या वरचढ. ग्रंथपालाने दार उघडून दिलं होतं. आत नुसता हशा.

मी शिडी लावली आणि पहिल्या फ्रेमला हात घातला, तर एक पोस्टमन ओरडला, "अहो ताई, काढताय कशाला?"

"मधलं दिसायला नको?"

"मधलं आम्ही पाहिलंय हो, पेपरात. आठ दिवस तेच पाहतोय. हे बघू द्या."

खरंच! एकाने जुना पेपर आणला होता. ती मूठ फाडून त्याने काचेवर, कोऱ्या चौकोनाच्या जागी धरली. आकाराने लहान, पण जागच्या जागी बसली. मग मूठ काढली, पुन्हा धरली. मूठ असली की भांडण, मूठ काढली की पडदा. लोक पोट धरून हसले. एक म्हातारे बाबा मात्र हसले नाहीत. संत्र्याच्या बाईसमोर बराच वेळ उभे होते. मला विचारलं, "यांचं गाव कुठलं?" मी तुमच्या पत्रातलं सगळं सांगितलं, पोहायच्या प्रयत्नासकट. ऐकता ऐकता मागे पंधरा-वीस माणसं जमली. एका बाईने विचारलं, "मग लिहिलं का त्यांनी, कमी करू म्हणून?" मी म्हटलं, "अजून नाही." तर सगळ्यांचे चेहरे असे झाले की जणू त्यांच्याच घरचं कोणी दवाखान्यात आहे. परिषद सुरू होऊन इतके दिवस झाले, हा प्रश्न मी कोणाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

तेवढ्यात साहेब. दारातच थिजले. वेधशाळेच्या बाई पुढे झाल्या. "वा! कल्पना कोणाची ही?"

साहेब खाकरले. माझ्याकडे बघितलं. गर्दीकडे बघितलं. "म्हणजे... चाकोरी सोडून विचार करणं ही आमच्या पेपरची परंपराच आहे."

मी गप्प बसले. होय, मी. आईंनी माझा हात दाबून धरला होता, म्हणून.

बाहेर आल्यावर साहेब हळूच म्हणाले, "वहिनी, पुठ्ठे राहू द्या. मी तार करतो, आता कडेचं पाठवा म्हणून."

मी सरळ विचारलं, "आणि यांच्या जागेचं?"

"शेवटच्या दिवसाचा फोटो येऊ द्या. त्यावर ठरवू."

तेव्हा आता त्या नाक-मुठी पुरे करा आणि मागे सरका. आणि त्या वाक्याचं काय झालं ते कळवा. पोस्टमन रोज विचारायला येणार आहे. टपाल नसलं तरी.

मीच


१२ डिसेंबर

सरकार,

लिहिलं! 'कमी करू.' नुसतं. पुढे काही नाही, मागे काही नाही. पोस्टमनला आधी सांग, मग पुढचं वाच.

तुझं पत्र जेवणघरात वाचलं. 'मेव्हणे झाकले' इथपर्यंत आलो आणि एवढा मोठ्याने हसलो की पहारेकरी बिल्ला तपासायला आला. साहेबांची तारही आली होती, 'कडेचं पाठवा'. आणि माझ्याकडे तीन दिवसांची नुसती नाकं! कडेला काही नाहीच. स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि वरच्या गॅलरीत जाऊन बसलो.

आज दुपारी अध्यक्षांनी ते वाक्य वाचलं. कोणाची हरकत आहे का, विचारलं. पंख्याचा तेवढा आवाज ऐकू आला. मग हातोडी वाजली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग ताडमाड गृहस्थ खुर्चीवर चढला, खुर्ची मोडली, तो बुटक्याच्या अंगावर, बुटका दुभाष्याच्या. झोपलेला दुभाषा दचकून उठला आणि काय झालं ते न कळताच टाळ्या वाजवायला लागला. मग सगळं दालन. बेटवाल्या बाई बसूनच होत्या. त्यांनी पिशवी उलटी केली, संत्री टेबलावरून घरंगळत निघाली, आणि ज्यांनी बारा दिवस एकमेकांवर बोटं रोखली ती माणसं संत्री पकडायला वाकली. मग बाई रडल्या, आणि रडता रडता सोलायला लागल्या.

मी काय टिपू? डावीकडे टिपलं तर उजवीकडचं सुटतं. शेवटी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत ओळीने पाच फोटो काढले, शेजारी शेजारी. जोडले की एक होईल. जागेचं माहीत नाही, पण काही सुटलं नाही.

त्या वाक्याने उद्या समुद्र खाली जाणार नाही, हे बाईंनाही ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, "आता प्रत्येकाला दर वर्षी विचारता येईल, केलं का?" मी म्हटलं, "विचारायला माणूस कमी पडला तर आमच्या घरी एक बाई आहे."

रोल पिशवीत टाकलाय. घुबडाला म्हणावं, जपून.

तुझा


१४ डिसेंबर

अहो,

पोस्टमनला सांगितलं. त्याने आपल्या दारातच सायकलची घंटा एवढी वाजवली की वरचे भाडेकरू खाली धावत आले.

कालचे पेपर बघितले. एकात 'ऐतिहासिक विजय'. दुसऱ्यात 'जगाच्या डोळ्यांत धूळफेक'. तिसऱ्यात 'अखेर बडे झुकले'. झुकले म्हणे! संत्री उचलायला झुकले. तुमच्या पेपरात आज पहिल्या पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तुमचा फोटो, पाचाचा एक केलेला. खाली ते वाक्य, जसंच्या तसं, आणि बेटवाल्या बाई काय म्हणाल्या ते. बाकी वर्णन आत.

काल छापायच्या आधी पाचही फोटो घेऊन साहेब स्वतः दुकानात आले. कानावर लाल पेन्सिल होती. माझ्या टेबलावर सगळे मांडले आणि उभे राहिले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मोडकी खुर्ची, दुभाषा, संत्री. पेन्सिल हातात घेतली, टेकवली, उचलली. शेवटी म्हणाले, "वहिनी, कुठे आखू?"

आई आतून ओरडल्या, "आखशील तर याद राख!"

पेन्सिल परत कानावर गेली. मग खिशातून कागद काढला. तुमच्या नेमणुकीचा. मुख्य फोटोग्राफर, कायम. मी दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा आईंना ऐकू जाईल असा. त्या म्हणाल्या, "आता तरी त्याला चांगला टोप घ्या."

मी रडले नाही. डोळ्यांत भुसा गेला, पट्ट्या कापत होते.

आता महत्त्वाचं. हा फोटो दालनात लावायचाय, आणि एवढी लांब फ्रेम या दुकानात आजवर झालेली नाही. पट्ट्या जोडल्या, काच आणली, सगळं तयार आहे. पण एक टोक उचललं की दुसरं खाली येतं. आईंना धरायला सांगितलं तर त्या फोटोच बघत बसतात. घुबडभाऊजींना उजेडात दिसत नाही. साहेबांनी धरलं, पण ते मधोमध धरतात.

तेव्हा पुढच्या पत्राची वाट बघत बसू नका. निघा आणि या. डावं टोक मी धरलंय.

मीच